गेटपाशी त्या दोघी

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते गेट बसवलं त्या दिवशी मालकांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला. चांगला होता, ताज्या खव्याचा. त्या गेटपायी माझी मैत्रीण माझ्या हातातून जाणार आहे हे तेव्हा ठाऊक असतं, तर तिथल्या तिथं थुंकून टाकला असता.

कारखाना अक्कलकोट रोडला. आमचा माल परदेशी जातो, अंग पुसायचा मोठा टॉवेल, हात पुसायचा मधला आणि तोंड पुसायचा लहान, असे संच करून. मी आणि ती पॅकिंगच्या खात्यात, मोजणीच्या टेबलावर. ती शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरात जन्मलेली आणि विणकरांच्याच घरात दिलेली. घरी तेलुगू, कामावर मराठी. मी बार्शीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन सोलापुरात आले आणि इथलीच झाले. वयानं आम्ही सारख्या. केस तिचे आधी पिकले, गुडघे माझे आधी दुखायला लागले, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे मोजणी जोडीनं चालायची. एकाच ढिगाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहायचो. ती तेलुगूत मोजायची, मी मराठीत, आणि दोघी तोंडानं, मोठ्यानं. भाषा दोन कशाला, असं नवीन आलेला प्रत्येकजण विचारायचा. दोघींनी मराठीत मोजलं तर एकीची जीभ घसरते आणि दुसरी तिच्यामागं वाहत जाते, आणि मग दोघींचा आकडा जुळतो पण चुकीचा जुळतो. वेगळ्या भाषेत ते होत नाही. नियम एकच होता, एकमेकींचं ऐकायचं नाही. पहिला टॉवेल उचलताना मी "एक" न म्हणता "लाभ" म्हणायची, कारण माहेरी खळ्यावर धान्य मापताना तसंच म्हणतात. ती "ओकटी" म्हणायची. ढीग संपला की दोघींनी आकडा सांगायचा, जुळला की खोक्याला टेप.

जुळायचा. वर्षानुवर्षं जुळत आला. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? पॅकिंगच्या इतर जोड्या सहा महिन्यांत भांडून मोडायच्या. आमची टिकली. "नवरा-बायकोचं तरी एवढं जमतंय का बघा," असं आमच्या सुपरवायझरनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तेव्हा मी घरी जाऊन गोड शिरा केला होता. नवऱ्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या घशाखाली उतरला नसता.

मग परदेशातल्या गिऱ्हाइकानं अट घातली, की प्रत्येक टॉवेलच्या लेबलात चिप हवी आणि माल गेटमधून जायला हवा. चिप म्हणजे चॉकलेटच्या कागदाच्या तुकड्यासारखी चकचकीत, पातळ पट्टी. गेट म्हणजे दोन उंच पांढरे खांब आणि वर आडवी दांडी, त्यावर लाल आणि हिरवा दिवा. ट्रॉली खालून ढकलली की ते रेडिओनं सगळ्या चिपांना एकदम हाक मारतं. बंद खोक्यातल्या चिपासुद्धा उत्तर देतात. खोकं उघडायला नको, टॉवेलला हात लावायला नको, तोंड हलवायला नको.

गेटबरोबर एक पोरगी आली. दुधनीची, घरी कन्नड बोलणारी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. अंगानं काडी, आवाज मात्र चौकभर. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा सगळ्या बायकांना गोळा करून गेट समजावून सांगितलं, आणि खरं बोलायचं तर चांगलं सांगितलं.

"नुसतं हजर म्हणून भागत न्हाई," ती म्हणाली. "पैली चिप उत्तर देती. ते उत्तर दुसरी चिप घेती, त्यात आपलं गुपित मिसळती आन् पुढं देती. तिसरी तसंच. अशी शेवटच्या चिपेपर्यंत गाठ बसत जाती. ती गाठ गिऱ्हाइकाच्या कंप्युटरला जाती, तितं तपासत्यात. एक टॉवेल जरी गैरहजर असला, तर गाठच बसत न्हाई."

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं. "नुसती हजेरी घ्यायची की."

"मावशी, एकेक चिप येगयेगळी वाचून कुणीबी सांगंल, सगळा माल एकत्र हाय म्हणून. निम्मा हितं आन् निम्मा दुसऱ्याच्या गोदामात असंल तरीबी. गाठ सांगती की सगळे एकाच वेळी, एकाच जागी हुते. खोटी गाठ मलासुद्धा मारता येत न्हाई. मालकांनासुद्धा न्हाई."

मालक हसले, पण जरा कमीच.

माझ्या डोक्यात बसलं ते "मावशी". कारण लगेच पुढं माझ्या मैत्रिणीनं काहीतरी विचारलं आणि पोरीनं तिला उत्तर दिलं, "अक्का, तसं न्हाई ओ." अक्का! तेलुगूतही मोठी बहीण अक्का, कन्नडातही अक्का. दोघींच्या घरातला एकच शब्द निघाला, आणि मैत्रिणीचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस दारात आलं. आम्ही दोघी एका वयाच्या. ती बहीण आणि मी मावशी, हा हिशेब मला आजही पटलेला नाही.

गेटवर मदतीला एकच बाई हवी होती. ट्रॉली ढकलायची, दिवा लाल झाला तर हातातलं यंत्र फिरवून गप्प बसलेली चिप शोधायची. मालकांनी पोरीला म्हटलं, तूच निवड. तिनं आमच्या टेबलाकडं पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, येता का?" मैत्रिणीनं पदराला हात पुसले आणि गेली. माझ्याकडं बघून मान हलवली, आकडा जुळल्यावर हलवायची तशीच. तो हलकटपणा होता की सवय, हे ठरवायला मला आठवडा लागला. सवय असावी.

मला चिपा लावायच्या टेबलावर बसवलं. हॉलच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला गेट. दिवसभर लेबलात चिप सरकवायची, शिवणीवाल्या बाईकडं टॉवेल द्यायचा, आणि मान वर केली की समोर त्या दोघी. बोलायच्या. सारख्या बोलायच्या. एक ट्रॉली गेली, हिरवा दिवा लागला, की दुसरी येईपर्यंत खांबाला टेकून बोलत राहायच्या. मैत्रीण हात नाचवून काही सांगायची आणि पोरगी तोंडावर ओढणी घेऊन हसायची. कधी पोरगी सांगायची आणि ही कपाळाला हात लावायची. इतक्या लांबून एक शब्द ऐकू यायचा नाही. माझा जीव तिकडं आणि चिप बोटांत, अशी गत झाली. शिवणीवाली मला म्हणाली, "बाई, लेबल उलटं देताय."

डबा खायला आम्ही पूर्वीसारख्याच बसायचो, पण आता तिघी. पोरगी आईच्या हातच्या शेंगाच्या, म्हणजे दाणे-गुळाच्या, पोळ्या आणायची. मैत्रीण म्हणायची, "खाऊन बघ, लई झकास." मी म्हणायची, "मला गोड सोसत न्हाय." पोळी खरंच झकास होती, तिनं एकदा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली तेव्हा घरी नेऊन खाल्ली. मी दुसऱ्या दिवसापासून शेंगाचटणी जरा जास्तच तिखट करून आणायला लागले. मैत्रीण तिखटाला सरावलेली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी ती पुन्हा मागून खायची, म्हणजे तेही फुकट गेलं.

घरी नवऱ्याजवळ मी कुरकुर केली. तो म्हणाला, "एका कारखान्यात तर हाय. मेली का काय ती?" पुरुषांना यातलं काही कळत नाही. माणूस मेलं तर माणूस रडतं. समोर उभं राहून दुसरीशी हसायला लागलं तर काय करायचं, याची रीत कुणी घालून दिलेली नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात सगळी हत्यारं, यंत्रं, काटे, कात्र्या यांची पूजा होते. आम्ही दोघी दरवर्षी मोजणीच्या टेबलाची पूजा करायचो. झेंडू मी आणायची, नारळ ती. एक नारळ दोघींत. या वर्षी ती सकाळी आली ती पोरीबरोबर, रिक्षातून, आणि हातात सात रस्ता चौकातून घेतलेल्या चमकीच्या माळा. रुपेरी, जाड, हात लावला की सळसळणाऱ्या. झेंडू एका दिवसात सुकतो, ही दिवाळीपर्यंत राहील, असं तिचं म्हणणं. दोघींनी मिळून गेट सजवलं. एका खांबाला खालून वरपर्यंत वेढे ही देत होती, दुसऱ्याला पोरगी. आडव्या दांडीवर तर दुहेरी गुंडाळली. मग हळदकुंकू, अगरबत्ती, नारळ. मालकांनी फोटो काढला, तो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दहा जणांनी हात जोडले.

मी माझे झेंडू घेऊन जुन्या टेबलाकडं गेले. त्यावर रिकाम्या खोक्यांची चळत होती. खोकी सरकवून हातभर जागा केली, फुलं वाहिली, कुंकू लावलं. कुणी फोटो काढला नाही. थोड्या वेळानं ती खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली.

"प्रसाद घे की."

"माझा उपास हाय."

खोबरं उपासाला चालतं हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. ती तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवून गेली.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी कंटेनर दारात येऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत भरून निघायलाच हवा होता, नाहीतर बंदरावरचं जहाज चुकणार. पहिली ट्रॉली गेटखालून गेली आणि दिवा लाल. परत फिरवली, लाल. दुसरी, लाल. सणाआधी ह्याच मालानं हिरवा दिला होता, आता एकही ट्रॉली पास होईना. पोरीच्या पडद्यावर दिसत होतं की काही चिपा उत्तर देतात आणि काही गप्प बसतात, आणि दर वेळी गप्प बसणाऱ्या वेगळ्याच.

मालक येरझारा घालत होते. "अगं, हो म्हणून टाक की तू. माल समोर दिसतोय."

"माझ्या म्हणण्यानं हुत न्हाई, साहेब. सगळ्यांनी एकदम उत्तर दिल्याशिवाय गाठ बसत न्हाई. गाठीशिवाय गिऱ्हाईक माल घेत न्हाई."

पोरगी रडकुंडीला आली होती. ती माझ्या टेबलाकडं आली आणि म्हणाली, "मावशी, चिपा नीट बसल्यात न्हवं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी बसवल्यात म्हणजे बसल्यात. तुज्या गेटालाच विचार, काय झालंय त्याला." मैत्रीण तिच्या मागं उभी होती. एका शब्दानं तरी बोलायला हवी होती.

मग मालक म्हणाले, सणात कुणी खोकी फोडली असतील, माल कमी असेल, आधी हातानं मोजून खात्री करू. "जुनी जोडी कुठाय? त्या दोघींना लावा."

आता हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. कारखान्यावर वेळ आली होती, ऑर्डर जाण्याची भीती होती. मला इतका आनंद झाला की तोंड फिरवून पदर खोचावा लागला. जुन्या टेबलावरची खोकी मीच भराभरा खाली काढली. ती समोर येऊन उभी राहिली, तिच्या नेहमीच्या बाजूला. पहिलं खोकं फोडलं. ती म्हणाली, "ओकटी." मी म्हणाले, "लाभ."

इतक्या महिन्यांनी तो आवाज तेवढ्या जवळून ऐकला. जरा घोगरा, आकड्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. पूर्वी तो माझ्या कानावरून नुसता जायचा. आज मी तो ऐकत होते. हात चालू होते, तोंड चालू होतं, पण कान सगळा तिच्याकडं. आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी "बारा" म्हणण्याऐवजी "पन्नेंडू" म्हणाले आहे. माझा मराठीतला आकडा कुठं सुटला, ते मला कळलंच नाही. पुढचं मी अंदाजानं रेटलं.

ढीग संपला. तिनं आकडा सांगितला. मी माझा सांगितला. जुळला नाही.

असं आमचं कधी झालं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू माजं ऐकत हुतीस."

"छे."

"ऐकत हुतीस. पन्नेंडू म्हणालीस."

"पुन्यांदा मोजू," मी म्हणाले. मला पुन्हा मोजायचंच होतं. दिवसभर मोजायचं होतं. कंटेनर गेला उडत. आम्ही ढीग परत लावला आणि सुरू केलं, आणि या वेळी मी माझा आकडा दातांत घट्ट धरला होता.

तेवढ्यात गेटकडून पोरगी ओरडली. ती पुण्याच्या इंजिनिअरशी फोनवर बोलत होती. त्यानं विचारलं होतं, गेटच्या आसपास धातूचं काही ठेवलंय का? ती ठामपणे न्हाई म्हणाली होती, आणि म्हणता म्हणता तिनं वर पाहिलं होतं. रुपेरी चमकी! रेडिओच्या लाटा तिच्यावर आपटून परत फिरत होत्या आणि गेट सणाच्या साजात ठार बहिरं होऊन उभं होतं. सकाळपासून सगळा कारखाना त्या माळांखालून ये-जा करत होता. मालकांसकट कुणाच्या मनात आलं नाही, कारण पूजेचा साज म्हणजे यंत्राला अपाय करणारी गोष्ट, असा विचार आमच्यापैकी कुणी जन्मात केलेला नाही.

"अक्का, माळा! माळा काढा!"

मैत्रिणीच्या हातात टॉवेल होता. तो तिनं ढिगावर टाकला आणि धावत सुटली. मोजणी अर्ध्यात राहिली. मी पुढचे दोन-तीन आकडे एकटीच म्हणाले, मग थांबले. तिकडं दोघी माळा ओरबाडत होत्या, चमकी केसांत अडकत होती. ट्रॉली खालून गेली, हिरवा दिवा लागला, आणि पोरीनं माझ्या मैत्रिणीला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोडलेलं खोकं एकटीनं परत भरलं.

कंटेनर वेळेत गेला. मालकांनी सगळ्यांना चहा आणि भजी मागवली. ती माझ्याशेजारी येऊन बसली, आपणहून. मला बरं वाटलं, पण मी ते दिसू दिलं नाही. भजं चहात बुडवत ती म्हणाली, "दिवाळीनंतर मी सुरतेला चालले. पोराकडं."

"किती दिवस?"

"दिवस काय. ऱ्हायलाच. सून कामाला जाती, बारक्याला सांभाळायला कोन न्हाय."

मग माझ्या तोंडून निघालं ते हेच निघालं. "त्या पोरीला म्हाईत हाय?"

"हाय की. श्रावणापासनं."

"आन् मला आज सांगतीस?"

तिनं जरा विचार केला. ती रागावली नव्हती, मला समजावून सांगत होती. "टेबलावर तोंडात आकडा असायचा गं. बोलणार कसं? गेटवर ट्रॉली येस्तोवर तोंड मोकळं असतंय. ती विचारती, मी सांगते."

"डबा खाताना सांगायचंस."

"डबा खाताना तूच बोलायचीस की."

हे ती हसून म्हणाली. मी हातातलं भजं बशीत ठेवलं. मी तिला काय काय सांगितलं होतं ते सगळं आठवलं, नवऱ्याच्या कागाळ्या, नणंदेचं, गुडघ्याचं, माझ्या लेकीनं अभ्यासापायी केलेल्या जागरणांचं. तिनं काय सांगितलं होतं ते आठवायला गेले, तर तेलुगूतले आकडे आठवले.

दिवाळी झाली आणि ती गेली. जाण्याआधी तिनं पोरीला सांगून ठेवलं होतं, माझ्या जागी हिलाच घे. म्हणून आता गेटवर मी उभी असते. काम सोपं आहे. पोरगी स्वभावानं चांगली आहे, मला खुर्ची आणून देते, गुडघ्यासाठी दुधनीच्या कुठल्या वैद्याचं तेल आणून दिलंय. ट्रॉली येईपर्यंत काहीबाही विचारते. मी हं, व्हय, न्हाय एवढंच म्हणते. मला ती अजून आवडत नाही आणि आवडायची घाईही नाही.

अधूनमधून दुपारी सुरतेहून फोन येतो. माझा नंबर तिच्याकडं आहे, पण फोन पोरीच्या मोबाईलवर येतो. दोघी कन्नड, तेलुगू, मराठी सगळं कालवून बोलतात. पोरगी हसते, नातवाचं काय झालं विचारते, कुठल्या शेजारणीनं काय केलं ते विचारते, तिला सगळी माणसं ठाऊक आहेत. मग फोन माझ्या हातात देते.

"जेवलीस का?" मी विचारते.

"जेवले. तू?"

"जेवले."

मग पलीकडं तिचा श्वास ऐकू येतो, मागं एखादं मूल रडत असतं. विचारायचं खूप ठरवलेलं असतं, पण तोंडावर काहीच येत नाही. थोड्या वेळानं ती म्हणते, "दे तिच्याकडं," आणि मी देते.